घरच्या स्टुडिओतल्या केबली: प्रकल्प नोंदी

शनिवार, १४ जून २०२५

केबलींची पिशवी आज पलंगावर रिकामी केली. एकूण २३ नग. त्यातल्या ९ केबली कुठल्या यंत्राबरोबर आल्या ते आठवत नाही, ४ दोन्ही टोकांना सारख्या दिसतात पण वागतात वेगवेगळ्या, आणि २ हलवल्या की आवाज जातो. गेली तीन वर्षं काही वाजवायचं असेल तेव्हा या ढिगातून हाताला येईल ती केबल काढून लावत आलो. त्यात सुचलेली चाल निम्म्या वेळा विरून जायची. आता डोंबिवलीच्या घरातली दहा बाय नऊची खोली फक्त संगीतासाठी मोकळी झाली आहे. प्रत्येक यंत्र कायमचं जोडलेलं असावं, एक बटण दाबलं की सगळं बोलायला लागावं, एवढंच हवं आहे.

यंत्रं अशी: कॉर्ग मिनिलॉग, बेहरिंगर टीडी-३ आणि कॉर्ग व्होल्का कीज हे तीन सिंथ (सिंथेसायझर), व्होल्का बीट्स हे तालयंत्र, आर्टुरिया कीस्टेप हा स्वतःचा आवाज नसलेला कीबोर्ड, एक जुना सेकंडहँड सिक्वेन्सर (ठरवलेले सूर क्रमाने वाजवायला लावणारा), यंत्रांचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, दोन अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर (स्पीकर) आणि लॅपटॉप.

खरेदीला निघण्याआधी ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर तक्ता केला. प्रत्येक जोडणीला एक ओळ. डावीकडे कोण पाठवतं, उजवीकडे कोण घेतं, मध्ये काय जातं: आवाज, मिडी (यंत्रांनी एकमेकांना सूर-ताल कळवायची भाषा), सिंकचा म्हणजे ताल जुळवणारा ठोका, की यूएसबी. मग दोन्ही बाजूंच्या खाचेचा आकार आणि ती बॅलन्स्ड आहे की नाही, म्हणजे आवाज सुलटा आणि उलटा असा दोन तारांवरून जातो की नाही. हे सगळं मॅन्युअलमध्ये मागच्या पानावर असतं. तक्ता भरता भरताच निम्मे प्रश्न सुटले. उदाहरणार्थ, मिनिलॉगचा आउटपुट साधा दोन वाटांचा मोनो आहे. त्याच्यासाठी मी महागाची बॅलन्स्ड केबल घ्यायला निघालो होतो. एका टोकाला बॅलन्स्ड सिग्नलच नसेल तर केबल तो आणणार कुठून?

रविवार, १५ जून

टेबलं जागेवर लावली आणि सुतळीने अंतरं मोजली. फुटपट्टीने सरळ रेषेत मोजलं तर फसायला होतं. केबल टेबलाच्या मागून खाली उतरते, पायाशी वळते, पुन्हा वर चढते. मिनिलॉग ते इंटरफेस सरळ अंतर ९० सेंटिमीटर, सुतळीने २ मीटर १० सेंटिमीटर. प्रत्येक मापात ३० सेंटिमीटर जास्तीचे धरले, यंत्र पुढे ओढून मागे हात घालता यावा म्हणून.

लांबीमुळे आवाज बोथट होतो असं खूप ऐकलं होतं, म्हणून हिशेब करून पाहिला. साध्या शील्डेड केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरली, तर ५ मीटरला ५०० होते. सिंथचा आउटपुट इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) १ किलोओम धरला तर या जोडीतून वरचे सूर कापले जायला सुरुवात होते ती ३१८ किलोहर्ट्झच्या आसपास. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही. म्हणजे माझ्या खोलीत या कारणासाठी एक रुपयाही जास्त घालवायची गरज नाही. इलेक्ट्रिक गिटारचं तसं नाही. तिच्या पिकअपचा इम्पिडन्स इतका जास्त असतो की तिथे केबलीची लांबी खरोखर कानाला कळते. गिटारवाल्यांचा सल्ला सिंथवाल्यांनी जसाच्या तसा उचलला की खिशाला कात्री लागते.

शनिवार, २१ जून

आजचा दिवस शिट्टीचा. मिनिलॉग यूएसबीने लॅपटॉपला जोडला की मॉनिटरमधून बारीक, सरळ, कधीच न थांबणारी शिट्टी येते. माऊस हलवला की तिच्यात कुरकुर मिसळते. इतके दिवस मी स्वस्त ऑडिओ केबलीला दोष देत होतो.

स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर लावून बसलो. आवाजात कुठल्या उंचीचा सूर किती, ते तो आलेखात दाखवतो. पहिला सुळका बरोबर १ किलोहर्ट्झवर, पुढचे २, ३, ४ वर, आणि ८ वर एक उंच. या आकड्यांनी चोर दाखवून दिला. यूएसबीवर माहिती ठरावीक ठोक्याने जाते. फुल-स्पीडमध्ये दर १ मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे सेकंदाला १०००. हाय-स्पीडमध्ये दर १२५ मायक्रोसेकंदाला, म्हणजे ८०००. तोच ठोका जमिनीच्या (ग्राउंडच्या) तारेतून ऐकू येत होता. लॅपटॉपमधून यूएसबीने सिंथला, सिंथमधून ऑडिओ केबलीने इंटरफेसला, इंटरफेसमधून यूएसबीने परत लॅपटॉपला, असं ग्राउंडचं एक पूर्ण कडं तयार झालं होतं. त्या कड्यात फिरणारा कचरा ऑडिओ केबलीच्या जाळीवरून (तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टणावरून) जात होता आणि दोन वाटांच्या जोडणीत जाळी हाच सिग्नलचा परतीचा रस्ता असतो.

मिनिलॉगची यूएसबी काढली. शिट्टी तत्क्षणी बंद.

म्हणून आज ठरलं: ज्या यंत्रातून ऑडिओ केबल निघते त्याला यूएसबी लावायची नाही, त्याच्याशी बोलायचं ते पाच पिनांच्या मिडी केबलीनेच. कीस्टेपमधून ऑडिओ निघत नाही, त्याची यूएसबी राहू दे. मात्र कीस्टेपच्या सीव्ही आणि गेटच्या (सूर व्होल्टेजने कळवणाऱ्या) केबली एखाद्या सिंथला लावल्या तर तेच कडं मागच्या दाराने पुन्हा जुळेल, हे तक्त्यात लाल पेनाने लिहून ठेवलं.

पिशवीतल्या दोन यूएसबी केबली आज कचऱ्यात गेल्या. फोनच्या चार्जरबरोबर आलेल्या, त्यांत माहितीच्या तारा नव्हत्याच, फक्त वीज. कीस्टेपचे दिवे लागायचे आणि लॅपटॉपला तो दिसायचा नाही. हे शोधण्यात मागच्या वर्षी एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

रविवार, २२ जून

मामा आले होते. कल्याणला त्यांचा तीस वर्षांचा लाउडस्पीकरचा धंदा. लग्न, जत्रा, ऑर्केस्ट्रा, गणपती. माझ्या हातातली मिडी केबल बघून म्हणाले, "ही तर आमच्या जुन्या टेपची पिन."

बरोबरच आहे. ही पाच पिनांची खाच जर्मन मानकातली, डीआयएन म्हणतात ती. जुन्या रेडिओ-टेपना सर्रास असायची. मिडी ठरवणाऱ्यांनी ती उचलली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथ मिडीने जोडून दाखवले गेले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची यंत्रं एकाच तारेवर बोलली. मामांना हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला.

"पण त्याच्या आधी एकमेकांना ताल कसा कळायचा?" मामांनी विचारलं. याचं उत्तर मुंबईतच आहे. चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी १९८२ साली रोलंडचे ज्युपिटर-८ सिंथ, टीआर-८०८ तालयंत्र आणि टीबी-३०३ बासयंत्र घेऊन दहा रागांची तबकडी केली. मिडी तेव्हा बाजारात आलेलीच नव्हती. ८०८ आणि ३०३ या दोघांना रोलंडची स्वतःची सिंकची खाच होती, दिसायला हुबेहूब मिडीसारखी, तेच पाच पिनांचं अर्धवर्तुळ. पण आतली गोष्ट निराळी: १ नंबरच्या पिनेवर चालू-बंद, ३ नंबरवर ठोका, मात्रेला २४. मिडी वापरते ४ आणि ५, आणि २ नंबरला जाळी. त्यामुळे स्वस्त मिडी केबलीत १ आणि ३ ला तारच नसते. अशी केबल जुन्या ८०८ ला लावली तर खाचेत ती छान बसते आणि पलीकडे एकही ठोका पोचत नाही.

माझा टीडी-३ त्या ३०३ च्याच चालीवर बनलेला आहे. त्याला ती खाच नाही, ३.५ मिलिमीटरचं सिंक इन आहे. तरी जेव्हा जेव्हा त्याला ताल जोडतो तेव्हा ती तबकडी आठवते. त्यावरची सरकणारी बास अशा दोन-चार तारांवरच तर उभी होती.

मामांनी निघताना एक काम दिलं. "तयार केबली घेऊ नकोस. सामान आण, मी डाग द्यायला शिकवतो." सोल्डरिंगला ते डाग देणं म्हणतात.

शनिवार, २८ जून

लॅमिंग्टन रोड. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो तेव्हा धो धो पाऊस. दुकानात स्वतःचे शब्द घेऊन गेलो तर समोरचा गोंधळतो, तिथली भाषा वेगळी. ६.३५ मिलिमीटरचा जॅक म्हणजे पी-थर्टीएट, मोनो किंवा स्टिरिओ. ३.५ मिलिमीटरचा तो ईपी. एक्सएलआर म्हणजे कॅनन. मामांनी हे सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, म्हणून निभावलं.

पहिल्या दुकानात केबलीचं एक रीळ अर्ध्या किमतीत मिळत होतं. मामांनी सांगितल्याप्रमाणे टोक सोलून तांब्याची तार नखाने आणि मग पात्याने खरवडली. आतून पांढरी. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी तार डाग नीट धरत नाही आणि चार वेळा वाकवली की तुटते. रीळ परत ठेवलं.

दुसऱ्या दुकानात दोन तारा आणि विणलेल्या जाळीची मायक्रोफोन केबल घेतली, ३० मीटर. जाळी तीन प्रकारची मिळते: विणलेली, गुंडाळलेली आणि पातळ पत्र्याची. पत्र्याची सगळ्यात चांगली झाकते, पण सतत हलणाऱ्या केबलीत ती चिरते, भिंतीतल्या कायमच्या जोडणीलाच ती बरी. माझ्या खोलीत यंत्रं पुढे-मागे होणार, म्हणून विणलेली. एकच प्रकारची दोन तारांची केबल सगळीकडे वापरायची ठरवलं. मोनो जोडणीतसुद्धा दुसरी तार उपयोगी पडते, कशी ते पुढे लिहीन.

पिनांवर मात्र हात आखडता घेतला नाही. केबलीत बिघाड होतो तो दहापैकी नऊ वेळा टोकाशी, असं मामा म्हणतात, आणि माझ्या पिशवीतल्या मेलेल्या केबलींनीही तेच दाखवलं. वजनदार, आत केबल आवळून धरणारी पकड असलेल्या पिना घेतल्या. टेबलाच्या मागे जागा कमी आहे तिथे एल आकाराच्या. सोन्याचा मुलामा असलेल्या घ्याव्यात का, यावर दुकानदार आणि मी दहा मिनिटं बोललो. सोन्याने आवाज गोड होत नाही. सोनं गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. आमच्याकडची दमट हवा बघता वर्षानुवर्षं न काढता राहणाऱ्या जोड्यांना सोन्याच्या घेतल्या, रोज काढ-घाल होणाऱ्यांना निकेलच्या, कारण मुलामा घासून जातो.

रविवार, २९ जून

मामांची शिकवणी. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ओला स्पंज, ६३-३७ चं सोल्डर. हे मिश्रण १८३ अंशांना थेट वितळतं आणि थेट गोठतं, मधली लिबलिबीत अवस्था नाही, त्यामुळे गोठताना तार हलून डाग कच्चा राहण्याची भीती कमी.

"आधी कल्हई, मग डाग," मामा म्हणाले. तारेच्या टोकाला आणि पिनेच्या कप्प्याला वेगवेगळं सोल्डर पाजून घ्यायचं, मग दोन्ही एकत्र आणून एक क्षण उष्णता द्यायची. माझे पहिले दोन डाग करडे आणि दाणेदार आले. मामांनी ते काढायला लावले. चांगला डाग चकचकीत असतो आणि तारेच्या अंगाला लागून उतरतो, थेंबासारखा वर बसत नाही. जास्त वेळ टेकवलं तर तारेचं प्लास्टिक मागे सरकतं आणि पुढेमागे तिथेच शॉर्ट होतो. पिनेचं कव्हर आधी केबलीत ओवायचं, हे मामांनी प्रत्येक केबलीला आठवण करून दिलं, आणि एकदा आम्ही दोघेही विसरलो.

जोडणी: कॅननच्या १ नंबरला जाळी, २ नंबरला गरम तार (सुलटा सिग्नल), ३ नंबरला थंड (उलटा). पी-थर्टीएट स्टिरिओला टोकाशी गरम, मधल्या रिंगला थंड, बुंध्याला जाळी. लाल तार गरम, पांढरी थंड, खोलीभर हाच नियम. प्रत्येक केबल मल्टिमीटरवर: टोक ते टोक बीप, टोक ते बुंधा शांत, मग दोन्ही टोकं जोरात हलवत पुन्हा. संध्याकाळपर्यंत सहा केबली.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. सकाळी टाळ-मृदंगाचा गजर खिडकीतून येत होता. दुपारी व्होल्का कीज जोडायला घेतला.

त्याला आउटपुट एकच, हेडफोनचं, ईपी स्टिरिओ. इंटरफेसकडे पी-थर्टीएट स्टिरिओ बॅलन्स्ड. दोन्हीकडे तीन वाटा, म्हणून तीन तारांची सरळ केबल केली. लावली. इंटरफेसवर जवळजवळ शांतता, तळाशी थोडी सळसळ. हेडफोन लावला तर आवाज खणखणीत.

अर्धा तास डाग तपासले, सगळे पक्के. मग तक्त्याकडे बघत बसलो आणि लक्षात आलं. तीन वाटा दोन्हीकडे आहेत, पण त्यांचा अर्थ निराळा. हेडफोनच्या पिनेत टोक म्हणजे डावा कान आणि रिंग म्हणजे उजवा. बॅलन्स्ड इनपुटमध्ये टोक म्हणजे सिग्नल आणि रिंग म्हणजे त्याचीच उलटी प्रत. इनपुट टोकातून रिंग वजा करतं. बाहेरून तारेवर जो गोंगाट चढतो तो दोन्ही तारांवर सारखा चढतो, म्हणून वजाबाकीत मरतो, आणि सिग्नल दुप्पट होतो. बॅलन्स्ड केबलीची सगळी करामत ती एवढीच. पण व्होल्का दोन्ही कानांना एकच मोनो आवाज देतो. तोच आवाज वजा तोच आवाज, उरलं शून्य. इनपुटने माझा अख्खा सिंथ गोंगाट समजून काढून टाकला होता. बॅलन्स्ड म्हणजे काय हे मला मॅन्युअलमधून कधी इतकं स्पष्ट कळलं नव्हतं.

उपाय: ईपी स्टिरिओ पिनेत फक्त टोक आणि बुंधा जोडला, रिंग मोकळी सोडली. दुसऱ्या टोकाला लाल तार पी-थर्टीएटच्या टोकाला, पांढरी रिंगला. पांढरी तार व्होल्काच्या बाजूला जाळीबरोबर बुंध्यावर. आवाज भरभरून आला.

इथे सोपा वाटणारा रस्ता म्हणजे ईपी मोनो पिन वापरणं. तो घेऊ नये. मोनो पिनेचा लांब बुंधा खाचेतल्या रिंगच्या पट्टीला टेकतो आणि हेडफोनच्या उजव्या बाजूचा अ‍ॅम्प्लिफायर थेट ग्राउंडला शॉर्ट होतो. दोन व्होल्कांचे आउटपुट वाय केबलीने एका इनपुटात कोंबणंही तसंच चूक, दोघे एकमेकांच्या आउटपुटवर ओढाताण करतात. एका आउटपुटातून दोन इनपुटांत वाटायला वाय चालतो. दोनाचं एक करायला मिक्सर लागतो.

शनिवार, १२ जुलै

मिडीची रचना. कीस्टेपमधून एक केबल एका छोट्या थ्रू बॉक्सला (एकच मिडी अनेकांना वाटणाऱ्या डबीला), तिथून चार केबली चार यंत्रांना. मिनिलॉगला थ्रू (आलेली मिडी पुढे पाठवणारी खाच) नाही आणि व्होल्कांना फक्त इन, त्यामुळे माळ ओवता येत नव्हतीच.

मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला सुरू-बंदचे धरून १० बिट, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. सूर लावण्याच्या संदेशाला ३ बाइट, म्हणजे जवळपास १ मिलिसेकंद. चार सुरांची कॉर्ड पोचायला ४ मिलिसेकंदांच्या आसपास. केबल कितीही भारी आणली तरी हा वेग मानकातच ठरलेला आहे. लांबीची मर्यादा १५ मीटर, माझी सगळ्यात लांब २.५.

सेकंडहँड सिक्वेन्सर मात्र बोलेना. त्याचं मिडी आउट ईपी स्टिरिओवर आहे आणि पाच पिनांवर नेणारा अ‍ॅडाप्टर मी वेगळा घेतला होता. मल्टिमीटर लावला. अ‍ॅडाप्टरचं टोक ४ नंबरच्या पिनेशी बीप देत होतं. पिनांचे नंबर मोजताना सांभाळायचं: अर्धवर्तुळात ते १, ४, २, ५, ३ असे येतात, आणि डाग देण्याच्या बाजूने बघितलं तर उलट क्रमाने.

मुळात २०१८ पर्यंत छोट्या पिनेवरच्या मिडीला ठरलेलं मानक नव्हतं, आणि बाजारात दोन रीती रुजल्या होत्या. ए प्रकारात टोक ५ ला आणि रिंग ४ ला जाते, बी प्रकारात उलट. २०१८ मध्ये ए हे मानक ठरलं, पण त्याआधीची यंत्रं आणि अ‍ॅडाप्टर अजून हातोहाती फिरत आहेत. माझा सिक्वेन्सर ए आणि अ‍ॅडाप्टर बी. अ‍ॅडाप्टर उघडून दोन तारांची अदलाबदल केली, पाच मिनिटांचं काम. उलट्या जोडणीने काही जळलं नाही. मिडीच्या इनपुटात सिग्नल तारेने पुढे जातच नाही. ५ मिलिअँपिअर प्रवाहाने एक छोटा एलईडी लागतो आणि पलीकडचा संवेदक तो उजेड वाचतो. प्रवाह उलटा असेल तर दिवा लागत नाही, इतकंच. शिवाय जाळी फक्त पाठवणाऱ्याच्या बाजूला जोडलेली, घेणाऱ्याच्या बाजूला मोकळी. दोन यंत्रांमध्ये विजेचा धागा उरत नाही, फक्त उजेड. यूएसबीची शिट्टी मिडीने का गेली त्याचं मूळ इथे आहे. १९८३ मध्ये हे ठरवणाऱ्यांचा मला मनापासून आदर वाटतो.

रविवार, २० जुलै

मॉनिटर. जुन्या मोनो केबलीवर घुमारा होता. अ‍ॅनलायझरवर ५० हर्ट्झ, १०० आणि १५० असे खांब. लॅपटॉपचा चार्जर काढला की जायचा. म्हणजे मॉनिटरच्या तीन पिनांच्या प्लगचं अर्थिंग आणि चार्जरचं अर्थिंग, दोन्हीमधून कडं.

यावर सगळीकडे एक सल्ला मिळतो: प्लगच्या मोठ्या पिनेला चिकटपट्टी लावा, घुमारा जातो. मामांना हे बोलून दाखवलं तर ते इतके गंभीर झाले की मी गप्प झालो. एका जत्रेत कोणी तरी अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग कापलं होतं, पावसात माइक धरलेल्या गायकाला शॉक बसला, आणि मामा तेव्हा तिथे होते. "घुमारा ऐकून कोणी मेलेलं नाही," ते म्हणाले. अर्थिंगला हात लावायचा नाही, इलाज ऑडिओ केबलीत शोधायचा.

आणि तो तिथे होताच. इंटरफेसचे आउटपुट बॅलन्स्ड, मॉनिटरला कॅनन बॅलन्स्ड. मधली केबलच मोनो होती, म्हणून सगळी सोय वाया. माझ्या हाताने केलेल्या पी-थर्टीएट स्टिरिओ ते कॅनन दोन केबली लावल्या, प्रत्येकी २ मीटर. चार्जर लावलेला, आवाज वर केलेला, कान मॉनिटरला टेकवला. फक्त ट्वीटरची हलकी सळसळ.

मग मिनिलॉगकडे वळलो. यूएसबी काढल्यावर शिट्टी गेली होती, पण बारीक गुणगुण उरली होती. दोन पिनांच्या अ‍ॅडाप्टरमधून थोडी गळती होते आणि ती ऑडिओच्या जाळीवरून वाट काढते. इथे दोन तारांची केबल उपयोगी पडली. सिंथच्या बाजूला पी-थर्टीएट मोनो: लाल टोकाला, पांढरी आणि जाळी दोन्ही बुंध्याला. इंटरफेसच्या बाजूला स्टिरिओ: लाल टोकाला, पांढरी रिंगला, जाळी बुंध्याला. आता गळती जाळीवरून जाते, आणि इनपुट मात्र लाल आणि पांढरीतला फरक मोजतं. सिंथ बॅलन्स्ड झाला नाही, पण इनपुटची वजाबाकी कामाला लागली. शांततेतली पातळी साध्या केबलीवर उणे ७१ डीबी, यावर उणे ८४. टीडी-३ लाही हीच केली. इतक्या कमी खर्चात इतकी शांतता मला दुसऱ्या कशानेच मिळालेली नाही.

रविवार, २७ जुलै

आठवडाभर पाऊस. जुन्या पिशवीतल्या पितळी पिनांवर हिरवे चट्टे. ज्यांच्या तारा शाबूत आहेत अशा पाच केबली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतल्या, बाकीच्यांच्या तारा कापून पिना टाकल्या. पॅचबे (जोडण्या समोरून बदलता येणारी फळी) घ्यावा का याचा विचार केला आणि सोडून दिला. चार इनपुटांना चार आवाज जातात, फिरवाफिरवीची गरजच नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

केबली टेबलामागे बांधल्या. अ‍ॅडाप्टर आणि विजेच्या वायरी उजव्या पायाशी, ऑडिओ डाव्या. एके ठिकाणी ओलांडावंच लागलं, तिथे काटकोनात, कारण समांतर धावल्या की चुंबकीय गुणगुण जास्त अंतरभर चढते. प्लास्टिकच्या टायऐवजी वेल्क्रो, परत सोडता यावं म्हणून. दोन्ही टोकांना रंगीत हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी): ऑडिओ निळा, मिडी पिवळा, सिंक हिरवा. त्यावर नंबर, तोच तक्त्यातल्या ओळीचा नंबर.

शिल्लक केबली गुंडाळायची मामांची पद्धत आज हाताला बसली. एक वेढा सरळ, पुढचा मनगट उलटं फिरवून आतून. कोपरावर गुंडाळली की प्रत्येक वेढ्याला पीळ साठतो आणि आतली जाळी हळूहळू तुटते. या पद्धतीने पीळ उरत नाही, फेकली तर केबल सरळ उलगडते.

रविवार, १७ ऑगस्ट

आज सकाळी ६ वाजता उठून बटण दाबलं. कीस्टेपने ठोका दिला, चौघांनी एकदम उचलला. बीट्सचा किक, टीडी-३ ची घसरणारी बास, वर मिनिलॉगवर भूपाचे पाच सूर, मध्ये कीजची हलकी भर. २२ मिनिटं सलग रेकॉर्ड केलं. एकदाही उठून मागे हात घालावा लागला नाही. थांबल्यावर खोलीत पंख्याचा आवाज होता, मॉनिटरमधून काहीच नाही. आईने दारातून विचारलं, "संपलं का?" मी सांगितलं, अजून एकदा वाजवतो.

रविवार, २४ ऑगस्ट

गणपती बुधवारी. मामांना मंडपातल्या मिक्सरपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत दोन केबली कमी पडत होत्या. माझ्या मॉनिटरच्या दोन काढून दिल्या. त्यांनी पिनेचं कव्हर उघडलं, डाग उजेडात धरून बघितले, काही न बोलता कव्हर लावलं आणि पिशवीत टाकल्या.

तक्त्यात नोंद: ओळ १४ आणि १५, स्टिरिओ पी-थर्टीएट ते कॅनन, २ मीटर, दोन नग, मामांकडे, विसर्जनानंतर परत. तोवर हेडफोन.